एक मुळम माळ

टेम्पोतनं पहिला उतरला तो माझा मोगरा, मग मी, आणि सगळ्यात शेवटी हे. मोगरा पत्र्याच्या डब्यात होता. तमिळनाडूतल्या दिंडीगलपासून मिरजेपर्यंत रेल्वेत आणि मिरजेपासून पुढं टेम्पोत तो माझ्या मांडीवर बसून आला होता. मी खाली पाय ठेवला आणि माळावरचा वारा असा काही आला की डब्यातली वरची माती उडून थेट माझ्या तोंडात गेली. मी थुंकले आणि ह्यांना म्हणाले, "घ्या, आलं तुमचं गाव. तोंडातच आलं."

हे हसले आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबेपर्यंत टेम्पोवाला, मी आणि आम्हाला बघायला वर आलेल्या आक्का, सगळे तिथंच खोळंबलो. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गौराबाई. त्या खोकल्यापायीच तर आम्ही आलो होतो.

आमचा मुलूख म्हणजे विट्याच्या वरचा घाटमाथा. उंच, उघडा, आणि पाऊस वाट चुकून आला तरच. म्हणून इथली माणसं पूर्वीपासून सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पांगलेली. सोनारांकडचं जुनं सोनं घ्यायचं, तेजाबात टाकायचं, आटवायचं, शुद्ध करून परत द्यायचं. ह्याला आमच्याकडं गलाई म्हणतात. आमचे हे, अधिकराव, मिसरूड फुटायच्या आत दिंडीगलला गेले आणि लग्न झाल्यावर मीही गेले. तीस वर्षं तेजाबाचा धूर छातीत घेतल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता भट्टी बंद, दमट हवा बंद, उंचावर कोरड्या जागी जाऊन राहा. दुकान आमच्या मुलानं, प्रमोदनं सांभाळायला घेतलं. घर दुकानाच्या वरच, त्यामुळं ह्यांना तिथं राहणं शक्य नव्हतं. मला होतं.

खोटं कशाला बोलू, मला यायचंच नव्हतं. दिंडीगलला बाईच्या केसात फूल नाही असा दिवस जात नाही. गरीब असो नाहीतर श्रीमंत, संध्याकाळी वेणीवर माळ हवीच. आमच्या दारात रोज चारच्या सुमाराला सेल्वी टोपली घेऊन यायची. तिकडं माळ वजनावर विकत नाहीत, हातावर मोजतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा धरायचा, ते झालं एक मुळम. हात विकणारीचा. आणि ही सेल्वी अशी बिलंदर की बोटं उघडायचीच नाही. मूठ मिटून मुठीपर्यंत मोजायची आणि दोरा तोडून मोकळी. मग माझं आणि तिचं रोजचं भांडण. माझं तमीळ मोडकं, पण भांडायला भाषा लागते कुठं. हे खाली दुकानात काट्याशी बसलेले असायचे. गुंजभर सोनं इकडचं तिकडं होऊ न देणारा माणूस, पण माझं भांडण ऐकून वर ओरडायचे की चार बोटांसाठी घसा कशाला सुकवतेस.

तर त्या पहिल्या संध्याकाळी मी माळावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या उंबऱ्यावर बसले होते. वाडी खाली, आमचं घर वर एकटंच. जत्रेला येऊन राहण्यापुरतं बांधलेलं. चहूकडं कुसळं आणि खडे. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या केसात फूल नव्हतं, आणि मला रडू फुटलं. लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. फुलापायी रडत होते की आणखी कशापायी, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिकडं शेजारणी होत्या, बाजार होता, प्रमोदचं लग्न ठरायचं होतं. इथं वारा.

हे येऊन शेजारी बसले. म्हणाले, "मोगरा लाव की दारात."

"लावते. आणि नाही जगला तर?"

ह्यांनी उंबऱ्यावर उडून आलेली माती बोटानं गोळा केली. मग म्हणाले, "संक्रांतीला प्रमोद येणार हाय. त्या दिवशी ह्या दारातल्या फुलांची एक मुळम माळ तुझ्या हातात असली तर राहा. नसली तर त्याच्याबरोबर जा. मी अडवणार न्हाई, आणि मनातबी ठेवणार न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी हाय की हितं. आक्का देतील भाकरी."

मी म्हणाले, ठरलं. रागात होते म्हणून म्हणाले. पण ह्यांचा शब्द म्हणजे काट्यावर तोलून दिलेलं सोनं, त्यात पुढं-मागं व्हायचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून हे बागेला लागले. घरापुढं खाटेएवढे दोन वाफे आखले आणि माती साफ करायला घेतली. आता आमच्या धंद्याची एक सवय सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. गलाईच्या दुकानातला केर कधी बाहेर टाकत नाहीत. सोन्याचा कण कुठं उडून बसेल सांगता येत नाही, म्हणून रोज फरशी झाडायची, केर पोत्यात भरायचा, वर्ष संपलं की तो जाळून-धुऊन त्यातलं सोनं काढायचं. पाय पुसायचं गोणपाटसुद्धा जाळून त्याची राख चाळायची. तीस वर्षं हेच केलेला माणूस. अंगण लोक उभ्यानं खराट्यानं झाडतात. हे बसून, मऊ केरसुणीनं, सकाळ-संध्याकाळ झाडायचे, आणि झाडलेलं सगळं पोत्यात. पान पडलं की पोत्यात. काडी पडली की पोत्यात. पोतं भरलं की तोंड शिवून घरामागं नेऊन ठेवायचे. मी विचारलं, ह्यात कुठलं सोनं निघणार हाय? म्हणाले, असू दे, टाकवत न्हाई.

वाफ्यांची मातीही तशीच. हातानं खडा न् खडा वेचला, मग सोन्याची माती चाळायची बारीक चाळण होती ती काढली आणि सगळी माती चाळली. वस्त्रगाळ पीठ म्हणा अशी माती झाली. वेचलेले खडे घरामागं पोत्यांच्या बुडाशी ओतले. आक्का वर आल्या की कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. म्हणाल्या, "भावजी, माती हाय ही का पिठी साखर?" पण मलाही वाटलं की अशा लोण्यासारख्या मातीत काय उगवणार नाही.

मोगरा लावला. तिकडनं आणलेली अबोली लावली. विट्याच्या रोपवाटिकेतनं गुलाब आणले, शेवंती आणली. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. योजनेचं पाणी आमच्याकडं यायला अजून बरीच वर्षं होती. भांड्याचं, धुण्याचं, तांदळाचं, सगळं पाणी मी त्या वाफ्यात ओतायची. ओतलं की ते वरच्या वर पसरून वाहून जायचं. उन्हानं मातीवर भाकरीच्या पापुद्र्यासारखी खपली धरायची आणि वारा ती उचलून न्यायचा. वैशाखात मोगरा गेला. गुलाबाचं तर नावच नको. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी गत. अबोलीनं जाता जाता चार-दोन तुरे दिले, मग तीही वाळली, आणि ह्यांनी वाळकं सगळं उपटून, झाडून, पोत्यात भरलं.

मृगाच्या तोंडावर आक्का पदरात काय काय घेऊन आल्या. कोरांटीच्या फांद्या, त्यांना वाळकी बोंडं लटकलेली. गुलबक्षीचं काळं बी. झेंडूची सुकी फुलं. आणि मखमल, ती जांभळी बटणासारखी फुलं, वाळली तरी रंग न सोडणारी. म्हणाल्या, "हे लाव बाय. हे इथलं हाय. ह्याला लाड लागत न्हाईत."

मी तेव्हा काय बोलले ते आठवलं की अजून हसू येतं. म्हणाले, आक्का, कोरांटी काय कुंपणाला लावतात, गुलबक्षी पोरीटोरी माळतात, आणि झेंडू म्हशीच्या गळ्यात घालायचा दसऱ्याला. माझ्या केसात काय घालू मी? आक्का रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की म्हशीला तरी मिळतं गं, तुला तेबी मिळेना झालंय.

लाजेकाजेस्तव लावलं. पण त्याच पिठासारख्या मातीत. दोन सरी आल्या, खपली धरली, कोंब खपलीखालीच मोडले. जे वर आलं ते आषाढाच्या वाऱ्यानं आडवं केलं. फांद्या वाळल्यासारख्या दिसल्या तशा मी उपटून टाकल्या, त्याही ह्यांच्या पोत्यात गेल्या. झेंडूच्या पाकळ्या-बिया वाफ्यावर पसरल्या होत्या, त्या ह्यांनी केर समजून झाडल्या. श्रावण संपेपर्यंत दोन्ही वाफे आमच्या दिंडीगलच्या फरशीसारखे स्वच्छ झाले. मी प्रमोदला फोन करून सांगितलं की येताना गाडी मोठी आण, माझं सामान आहे. फोन ठेवला तर हे मागं उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. हे केरसुणी घेऊन अंगणात गेले.

भाद्रपदात ह्यांना जोराचा दम लागला. मिरजेला नेलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले हवा मानवतेय, पण पंधरा-वीस दिवस उठायचं नाही. तेव्हा अंगणात पहिल्यांदा केर साठला. घटस्थापनेच्या आधी घर सारवायचं-झाडायचं म्हणून मी पदर खोचला. दाराआड एक अर्धं भरलेलं पोतं होतं, ते मागं ठेवायला म्हणून उचलून नेलं. घरामागं मी जातच नसे. तिकडं उताराशिवाय काही नव्हतं, आणि पोती बघितली की मला राग यायचा.

मागं गेले आणि पोतं माझ्या हातनं पडलं.

पावसानं गोणपाट कुजलं होतं आणि पोत्यांच्या चिरांमधनं झाडं वर आली होती. झेंडू कमरेला लागेल एवढा, कळ्यांनी भरलेला. पलीकडं गुलबक्षीचं रान. मखमल तर पोत्याच्या शिवणीतनं सुद्धा उगवली होती. मी वाळल्या म्हणून टाकलेल्या कोरांटीच्या फांद्यांना काळीभोर पानं. आणि सगळ्यात खाली, खड्यांच्या सावलीत, ओळखीची पानं दिसली म्हणून वाकले. माझी अबोली. दिंडीगलची. कुणी पेरली नाही, कुणी पाणी घातलं नाही. तिची बोंडं पाणी लागलं की फुटतात आणि बी उडतं. तिकडं आम्ही बायका गंमत म्हणून वाळक्या बोंडांवर पाण्याचा हात झाडायचो आणि टच टच आवाज ऐकत बसायचो. इथं पावसानं ते काम केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी एक खडा उचलला. खालची माती ओली होती. चार-सहा दिवसांत पाऊस नव्हता, वर ऊन तापलेलं, आणि खड्याखाली माती हाताला गार लागली. दुसरा उचलला, तसंच. मग मला उमगलं की आम्ही काय करून बसलो होतो. ह्या माळाचं पाणी खड्यांनी धरून ठेवलं होतं, आणि आमच्या ह्यांनी खडा न् खडा वेचून काढला होता.

आत जाऊन ह्यांना उठवलं, खांद्याला धरून मागच्या दारात आणून बसवलं. ह्यांनी खड्याखालची ओली माती बोटांत चोळून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे मी एवढे महिने काय केलं?"

"सोनं गाळलंत," मी म्हणाले. "शंभर टक्के शुद्ध केलंत. आता भेसळ करा."

हे हसले, आणि त्या दिवशी हसताना खोकला आला नाही.

त्या नवरात्रात पहिल्यांदा घटावरच्या माळा आमच्या दारच्या फुलांच्या झाल्या. झेंडू एवढा निघाला की आक्कांच्या घटालाही खाली गेला. पण दसरा झाला की झेंडू ओसरणार आणि थंडीत गुलबक्षी झोपणार हे आक्कांनी आधीच सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत टिकायला हवं होतं. आक्का आणि मी पोत्यांपुढं बसून भांडलो की काय ठेवायचं आणि काय नाही. मला अजून मोगऱ्याचा हव्यास होता, प्रमोदकडनं दुसरं रोप मागवावं असं मनात होतं. आक्का म्हणाल्या, "ज्याच्या पाया पडावं लागतंय ते झाड नको. न बोलवता आलंय ते ठेव." ते मला पटलं. कोरांटी, अबोली आणि मखमल आम्ही मुळासकट, मातीसकट, फाटक्या गोणपाटासकट पुढच्या वाफ्यात आणली. थोडा उशिराचा झेंडूही आणला.

आणि खडे. हे भिंतीला टेकून बसायचे, मी घमेल्यातनं खडे आणून द्यायची, आणि हे प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक खडा बसवायचे. ज्या हातांनी वेचले त्याच हातांनी. सोनाराच्या चिमट्यानं हिरा बसवावा तसे निरखून, फिरवून बसवायचे. घाई करा म्हटलं तर चिडायचे. झाडायचं तर पूर्ण बंद. केरसुणी मी पलंगाखाली ढकलली होती. सकाळी अंगणात पान पडलेलं दिसलं की ह्यांची बोटं वळवळायची आणि मी नुसतं बघायची. मग हात मागं बांधून येरझाऱ्या घालायचे.

मार्गशीर्षात कोरांटी फुलली. पिवळी एका बाजूला, जांभळी एका बाजूला. वारा तोच, पण कोरांटी त्याला भीक घालत नाही. मला आठवलं, दिंडीगलला ह्याच दिवसांत सेल्वीच्या टोपलीत ही जांभळी फुलं असायची आणि मी घासाघीस करून घ्यायची. तिथं केसात घातलेली, आणि इथं आक्कांना कुंपणाची म्हणून हिणवलं होतं. आक्का म्हणाल्या, फुलं आत्ता भरपूर हाईत, बांध माळ आणि कर मोकळं भावजीला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "ठरलंय ते संक्रांतीचं. त्या दिवशी झाडावर असंल ते खरं."

मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. माणसानं किती खरं असावं त्याला काही माप आहे की नाही. कारण तोवर माझ्या मनात वेगळंच सुरू झालं होतं. ह्यांचा खोकला कमी झाला होता. सकाळी उन्हाला बसून हे कोरांटीच्या कळ्या बघायचे आणि आज किती उमलल्या ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचे. दुकानात असताना ह्या माणसानं दिवसा माझ्याशी कधी चार वाक्यं बोललेली मला आठवत नाहीत. हे सगळं मला दिसत होतं, आवडत होतं, आणि मी मुद्दाम बोलत नव्हते. प्रमोदला फोन केला तेव्हा बॅग भरून ठेवली होती, ती तशीच कोपऱ्यात. रिकामी केली असती तर हरले असं झालं असतं.

भोगीच्या दिवशी मी आक्कांकडं खाली गेले होते, बाजरीच्या भाकरी थापायला. हे ऊन खाता खाता डुलकी घेत होते. आक्कांची चंद्री शेळी दावं सोडवून वर गेली आणि तिनं अबोली खाल्ली. एकूण एक. मग मखमलीची बोंडं खाल्ली, झेंडू खाल्ला. कोरांटीला काटे म्हणून तिचे वरचेच शेंडे गेले, पण कळ्या शेंड्यालाच असतात. आम्ही वर आलो तेव्हा चंद्री खड्यांवर बसून शांतपणे रवंथ करत होती. आक्का मटकन खाली बसल्या. आपल्याच गालावर मारून घेत म्हणाल्या, मीच दावं ढिलं बांधलं, माझ्या हाताला रोग पडला होता. मी त्यांना उठवलं. हे वाफ्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

संक्रांतीला सकाळी प्रमोद आला. मोठी गाडी घेऊन आला, मी सांगितलं होतं तशी. आल्या आल्या बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, अण्णा, तुमचा चेहरा किती सुधारला. मग त्याचं लक्ष वाफ्यांकडं गेलं, मग माझ्या कोपऱ्यातल्या बॅगेकडं. ठरलेलं त्याला सगळं माहीत होतं. तो परत गाडीपाशी गेला.

मी टोपली घेऊन अंगणात बसले. चंद्रीच्या तडाख्यातनं वाचलेलं एकेक फूल वेचलं. पिवळी कोरांटी, जांभळी कोरांटी, खड्याआड राहिलेली थोडी मखमल, खाली पडलेला अबोलीचा एक तुटका तुरा. केळीच्या सोपटाचा दोरा मी आदल्या रात्रीच भिजवून ठेवला होता. दोन फुलं इकडं, दोन तिकडं, मध्ये गाठ. हात आपोआप चालत होते, सेल्वीकडं बघून शिकलेले. आक्का तोंडाला पदर लावून उभ्या. प्रमोद गाडीला टेकलेला. हे वाफ्याच्या कडेला, हात मागं बांधून. फुलं संपली तेव्हा मी शेवटची गाठ मारली आणि उठले.

माळेचं एक टोक कोपराशी धरलं आणि हातावरनं सोडली. तळहातापर्यंत आली आणि थांबली. पुढं माझी चार बोटं उघडी राहिली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, एवढं एकदा तरी हा माणूस दुसरीकडं बघेल. पण नाही. हे जवळ आले, काट्याकडं बघतात तसे माझ्या हाताकडं वाकून बघितलं, आणि सरळ झाले. तोंड पांढरं पडलं होतं.

"चार बोटं कमी हाय," हे म्हणाले. मग गाडीकडं बघत, "प्रमोद, आईची बॅग घे."

प्रमोद हलला नाही. हे स्वतःच आत जायला वळले, बॅग आणायला.

"थांबा," मी म्हणाले. "सोन्याचं माप तुमचं. फुलांचं माप तुम्हाला काय कळतंय? सेल्वी कुठवर मोजायची?"

हे थांबले. माझ्याकडं पाठ तशीच.

"मी काय विचारतेय?"

"मुठीपर्यंत," हे म्हणाले.

मी बोटं मिटली. माळ कोपरापासून मुठीपर्यंत बरोबर आली, वर एक जांभळं फूल उरलं.

हे वळले. माझ्या मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ह्यांचे डोळे भरले होते, पण सवय कुठं जाते. म्हणाले, "ह्याच मुठीपायी तिच्याशी इतकी वर्षं भांडलीस."

"भांडले," मी म्हणाले. "पण माळ घेतलीच ना रोज?"

प्रमोद हसायला लागला, आणि आक्का रडायला. मी पाठ केली आणि ह्यांनी ती माळ माझ्या केसात घातली. आयुष्यात पहिल्यांदा घालत होते, त्यामुळं वाकडीच बसली. मी ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.